घटक ५ : लोकप्रिय गीत आणि समलिंगी अनुभव – ब्रिटनमधील एक कालखंड (१९६७ ते १९९४)

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस लोकप्रिय गीताचा अर्थ शब्द, सूर आणि ऐकणाऱ्याची परिस्थिती या तिहींत कसा वाटला गेलेला असतो, हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल. ब्रिटनमधील कायदा, तेथील समलिंगी व्यक्तींचे जीवन आणि त्या काळातील गीते यांचा परस्परसंबंध सांगता येईल. तसेच गीतातील 'मी' आणि 'तू' यांच्या लिंगाचा प्रश्न मराठी भाषांतराच्या अंगाने मांडता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण भावगीत आणि आकाशवाणी यांचा विचार केला. एकाच वेळी असंख्य घरांत ऐकू येणारे गीत प्रत्येक ऐकणाऱ्याला मात्र खाजगी वाटते, हे त्यावेळी आपण पाहिले होते. प्रस्तुत घटकात हाच विचार एका अवघड प्रसंगाला लावून पाहावयाचा आहे. स्वयंपाकघराच्या फळीवर रेडिओ चालू आहे, आई भाजी चिरते आहे, वडील वर्तमानपत्र वाचत आहेत आणि सोळा-सतरा वर्षांचा मुलगा दाराशी बूट बांधत आहे. सर्वांच्या कानांवर एकच गाणे पडते. आईवडिलांना त्यात एक गोड चाल ऐकू येते. मुलाला मात्र वाटते की, आपल्याविषयी आजवर कोणीही न उच्चारलेली गोष्ट आताच कोणीतरी उच्चारली. आणि त्याच क्षणी त्याला भीतीही वाटते की, ती या दोघांनाही कळली असेल का?

हा मुलगा समलिंगी आहे, म्हणजे त्याचे प्रेम आणि ओढ पुरुषांकडे वळलेली आहे. जात, धर्म, भाषा, दारिद्र्य यांमुळे ज्यांच्या वाट्याला अवहेलना येते, त्यांच्या घरी बहुधा तोच अनुभव असलेली वडीलधारी माणसे असतात. समलिंगी मुलाच्या घरी त्याच्यासारखे कोणी असेलच असे नाही. आपल्या अनुभवाला नाव आहे, तो इतरांचाही आहे, हे त्याला घराबाहेरून, बहुतेक वेळा योगायोगाने कळावे लागते. अशा मुलांसाठी लोकप्रिय गीताला महत्त्व का येते, याचे एक उत्तर येथे मिळते. पुस्तक आणण्यासाठी ग्रंथालयात नाव सांगावे लागते आणि चित्रपटासाठी तिकीट काढावे लागते. गाणे मात्र न मागता घरात येते, आणि ते ऐकल्याबद्दल कोणी जाब विचारत नाही.

शब्दांविषयी एक खुलासा करणे आवश्यक आहे. या घटकात 'समलिंगी' हा शब्द वापरला असून काही ठिकाणी 'गे' हा रूढ झालेला शब्दही आला आहे. आपल्या बोलीत याविषयी जे शब्द ऐकू येतात, त्यांतील बरेचसे शिव्यांच्या जवळचे आहेत. ज्या अनुभवाला भाषेत फक्त शिवीच उपलब्ध असते, त्याविषयी गीत कसे रचले जाते, हा खरे तर साहित्याच्या विद्यार्थ्याचाच प्रश्न आहे.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ कायदा आणि मौन

इंग्लंडमध्ये १८८५ च्या कायद्याने पुरुषांमधील कोणताही लैंगिक व्यवहार दंडनीय ठरविला होता. नाटककार ऑस्कर वाइल्ड यांना १८९५ मध्ये सक्तमजुरीसह दोन वर्षांची शिक्षा झाली ती याच कायद्याखाली. १९५७ मध्ये वुल्फेंडन समितीने हा गुन्हा रद्द करावा अशी शिफारस केली. प्रत्यक्ष कायदा होण्यास आणखी दहा वर्षे लागली. जुलै १९६७ मध्ये संमत झालेल्या कायद्यानेही दिले ते मोजूनमापूनच. सवलत केवळ इंग्लंड व वेल्सपुरती होती. दोघांचेही वय २१ वर्षे पूर्ण असावे आणि व्यवहार खाजगीत असावा, अशा अटी होत्या. स्त्रीपुरुष संबंधांसाठी मात्र संमतीचे वय १६ होते. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांना तर १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत थांबावे लागले.

या तारखांशी आपलाही संबंध आहे. भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७ ही १८६० साली ब्रिटिश राजवटीने दिलेली देणगी. ज्यांनी ते कलम येथे आणले, त्यांनी आपल्या घरी कायदा बदलल्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे ते आपल्याकडे टिकून राहिले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील परस्परसंमतीच्या संबंधांना त्या कलमाच्या कक्षेबाहेर काढले.

१९६७ पूर्वीच्या ब्रिटिश पॉप संगीतात समलिंगी माणसे नव्हती असे नाही. ती पडद्यामागे होती. बीटल्सचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन हे ठळक उदाहरण होय. जगभरच्या मुली ज्या चार तरुणांसाठी किंचाळत होत्या, त्यांना नीटनेटका सूट घालून रंगमंचावर आणणारा हा माणूस स्वतःच्या प्रेमाविषयी जाहीरपणे एक शब्दही बोलू शकत नव्हता. २७ ऑगस्ट १९६७ रोजी त्यांचे निधन झाले, म्हणजे नवा कायदा होऊन जेमतेम एक महिना लोटला होता.

मौनाच्या या काळात गीतातील अर्थ आडमार्गाने प्रवास करी. येथे आपणांस भारतीय साहित्यशास्त्रातील एक परिचित संकल्पना उपयोगी पडेल. आनंदवर्धनाने वाच्यार्थाहून वेगळा असा व्यंग्यार्थ मानला, आणि तो सर्वांनाच नव्हे तर 'सहृदया'ला जाणवतो असे सांगितले. सहृदयत्व हे काव्याच्या अभ्यासाने आणि संस्काराने येते, असे परंपरा मानते. प्रस्तुत संदर्भात मात्र ते अभ्यासाने आलेले नाही. एकटेपणाने आले आहे. गुप्त प्रेमाविषयीचे कोणतेही सामान्य गीत लाखो लोक ऐकतात. ज्याला आपले प्रेम खरोखरच लपवावे लागते, तो त्या गीताचा अधिकारी श्रोता होतो, मग कवीच्या मनात तो असो वा नसो. ध्वनिसिद्धान्ताचा असा उपयोग शास्त्रकारांना मानवला असता की नाही, हा वेगळा प्रश्न. परंतु विद्यार्थ्यांनी तो करून पाहण्यास हरकत नसावी.

५.३.२ उघड उच्चार

१९७२ च्या आरंभी डेव्हिड बोवी यांनी एका संगीत साप्ताहिकाच्या मुलाखतीत आपण गे असल्याचे सांगितले. पुढे त्यांनी या विधानाविषयी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे सांगितले, तेव्हा त्याचा चरित्रात्मक अर्थ काढण्याच्या भरीस पडू नये. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात 'टॉप ऑफ द पॉप्स' या बीबीसीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात रंगीत पोशाखातील बोवींनी गाता गाता आपल्या गिटारवादकाच्या खांद्यावर सहज हात टाकला. ती कृती एवढीच होती. पण कुटुंबासह बसून तो कार्यक्रम पाहणाऱ्या अनेक मुलांना ती आयुष्यभर आठवत राहिली. गीताचा अर्थ केवळ शब्दांत नसतो, तो देहबोलीतही असतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

टॉम रॉबिन्सन यांचा मार्ग अगदी वेगळा होता. लंडनमधील गे प्राइड मोर्चासाठी १९७६ मध्ये त्यांनी एक गीत रचले आणि १९७८ मध्ये ते ध्वनिमुद्रिकेवर आले. 'ग्लॅड टू बी गे' हे त्याचे शीर्षक. शीर्षकात आनंद असला तरी गीतात आहे तो उपरोध : पोलिसांचे छापे, वृत्तपत्रांचा दुटप्पीपणा, रस्त्यावरची मारहाण. पहिल्या यादीत येऊनही बीबीसी रेडिओ १ ने लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक कार्यक्रमात ते वाजविले नाही. त्याच ध्वनिमुद्रिकेवरील दुसरे गाणे वाजविले. आपल्याकडील शाहिरी परंपरेशी परिचित असणाऱ्या विद्यार्थ्याला हे गीत चटकन उमगेल. त्याला सहृदय श्रोत्याची प्रतीक्षा नाही; ते सभेत म्हणावयाचे गीत आहे. त्याची ताकदही त्यात आहे आणि मर्यादाही. जो मुलगा अद्याप स्वतःशीही बोललेला नाही, त्याला मोर्चाचे गीत जवळचे वाटेलच असे नाही.

याच सुमारास अमेरिकेतून डिस्को संगीत आले. कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी समलिंगी तरुणांच्या नृत्यगृहांत ते वाढले होते. कॅलिफोर्नियात वाढलेला सिल्व्हेस्टर हा कृष्णवर्णीय गायक लहानपणी चर्चमध्ये भक्तिगीते गात असे. तोच उंच, थरथरता स्वर त्याने नृत्यगीतात आणला. १९७८ चे त्याचे 'यू मेक मी फील (मायटी रिअल)' ब्रिटनमध्येही गाजले. शब्द पाहू गेल्यास त्यात फारसे काही नाही. एका नृत्यगृहातील संध्याकाळ आणि स्पर्शाने स्वतःचे अस्तित्व खरे वाटणे, एवढाच आशय. पण ज्याला आपले अस्तित्व सदैव खोटे वठवावे लागते, त्याने 'खरे वाटणे' हा शब्द भक्तिगीताच्या स्वरात ऐकावा, यात जे घडते ते कागदावरच्या संहितेत सापडणार नाही. आपणही भजनातील एकाच शब्दाची आवर्तने ऐकली आहेत. पुनरावृत्ती हा तेथे दोष नसतो, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

५.३.३ रेल्वेचा फलाट : 'स्मॉलटाउन बॉय'

१९८४ मध्ये ब्रॉन्स्की बीट या तीन तरुणांच्या वाद्यवृंदाचे 'स्मॉलटाउन बॉय' हे पहिलेच गीत ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. तिघेही उघडपणे समलिंगी होते. गायक जिमी सॉमरव्हिल मूळचा ग्लासगोचा. या गीताकडे आपण थोडे थांबून पाहू, कारण प्रस्तुत लेखकाच्या मते या संपूर्ण कालखंडातील ते सर्वांत सशक्त गीत आहे.

गीताची कथा अगदी छोटी आहे. एक मुलगा सकाळी घर सोडतो. जवळ एक लहानशी पेटी, समोर फलाट, अंगावर पाऊस आणि वारा. त्याला जे हवे ते घरी मिळणार नाही, हे त्याला कळले आहे. आईला ते कधीच उमगणार नाही. गावात त्याला त्रास दिला गेला आहे. एवढेच. 'गे' हा शब्द गीतात नाही. भांडण, आरोप, समर्थन यांपैकीही काही नाही. त्यामुळेच घर सोडून गेलेला कोणताही माणूस हे गीत आपले म्हणू शकतो आणि समलिंगी श्रोत्याला मात्र त्यातील न सांगितलेले कारण स्पष्ट दिसते.

निवेदनाकडे लक्ष द्यावे. मुलगा 'मी' म्हणून बोलत नाही. गीत त्याला 'तू' म्हणून संबोधते. हा 'तू' म्हणणारा कोण? तोच मुलगा कित्येक वर्षांनी स्वतःशी बोलत असेल. त्याच्या आधी गाव सोडून गेलेला दुसरा कोणी असेल. परिणाम असा होतो की, रेडिओ ऐकणाऱ्या मुलाला प्रत्यक्ष आपल्याशीच कोणीतरी बोलत आहे असे वाटते. धृवपदात तर केवळ पळून जाण्याच्या आज्ञा आहेत. त्या उपदेश म्हणून ऐकाव्यात, की मारणाऱ्यांपासून निसटण्याची घाई म्हणून, हे गीत ठरवीत नाही.

स्वराचे कार्य याहून मोठे आहे. सॉमरव्हिल पुरुषाच्या नेहमीच्या पट्टीत गात नाही. तो अत्यंत उंच, कृत्रिम स्वरात गातो, आणि गीताचा आरंभच त्या शब्दहीन आलापासारख्या हाकेने होतो. ज्या मुलाला 'मुलासारखा बोल' असे आयुष्यभर ऐकावे लागले, त्याने नेमक्या 'मुलासारख्या' नसलेल्या आवाजात आपली व्यथा सांगावी, यात निवड आहे. ज्या गोष्टीसाठी मार खाल्ला, तीच येथे कलेचे साधन झाली आहे. खाली यंत्राचा थंड, न थांबणारा ठेका चालू राहतो. आगगाडीच्या चाकांची आठवण व्हावी असा.

गीतासोबतच्या चित्रफितीत कथेचे उरलेले तपशील दिसतात. जलतरण तलावावर मुलाची नजर एका तरुणावर खिळते. पुढे तोच तरुण आपल्या टोळक्यासह त्याला मारहाण करतो. पोलीस त्याला घरी आणून सोडतात आणि आईवडिलांना सर्व कळते. निरोपाच्या वेळी आई मुलाला जवळ घेते. वडील पैसे देतात, पण हात हातात घेत नाहीत. या एका दृश्याविषयी विद्यार्थ्यांनी जरूर विचार करावा. वडील क्रूर दाखविलेले नाहीत. मुलाने उपाशी राहू नये असे त्यांना वाटते. त्यांना जमत नाही तो केवळ स्पर्श. आपल्यापैकी जे पालक आहेत, त्यांना या दृश्यात खलनायक शोधूनही सापडणार नाही, आणि म्हणूनच ते दृश्य सहन करणे अधिक कठीण जाते.

त्याच वर्षी या वाद्यवृंदाचा 'द एज ऑफ कन्सेंट', म्हणजे 'संमतीचे वय', हा गीतसंग्रह आला. ध्वनिमुद्रिकेच्या आतील वेष्टनावर निरनिराळ्या देशांतील समलिंगी संबंधांसाठीचे संमतीचे वय छापलेले होते. पॉप संगीताची तबकडी विकत घेणाऱ्या मुलाच्या हाती कायद्याची माहिती आपोआप पडावी, हा यामागचा हेतू. १० डिसेंबर १९८४ रोजी लंडनमधील एका सभागृहात खाणकामगारांच्या संपाला मदत म्हणून समलिंगी कार्यकर्त्यांनी जलसा आयोजित केला, त्यातही ब्रॉन्स्की बीटने गायन केले. कोळशाच्या खाणीतले कामगार आणि शहरातले समलिंगी तरुण यांना एकमेकांविषयी काय ठाऊक होते? दोघांनाही पोलीस ठाऊक होते, एवढे म्हणता येईल.

आपली प्रगती तपासा – १
'स्मॉलटाउन बॉय' या गीतात मुलाला 'तू' असे संबोधल्यामुळे कोणता परिणाम साधतो? आपल्या वाचनातील एखाद्या मराठी कवितेतील 'तू' शी त्याची तुलना करून दहा ओळींत उत्तर लिहा.

५.३.४ बंदी आणि विक्री

१९८४ च्या जानेवारीत फ्रँकी गोज टू हॉलिवुड या लिव्हरपूलच्या वाद्यवृंदाचे 'रिलॅक्स' हे गीत त्यातील उघड लैंगिक सूचनेमुळे बीबीसीने वाजविणे थांबविले. त्यानंतर ते पहिल्या क्रमांकावर गेले आणि पाच आठवडे तेथे राहिले. बंदीमुळे खप वाढतो हा अनुभव आपणांस नवा नाही. यातून ध्यानात घ्यावयाचे ते इतकेच की, लोकप्रिय संगीत हा व्यापार आहे आणि व्यापाराला निषिद्धाचे आकर्षण असते. समलिंगी अनुभव गीतात आला म्हणजे समाज उदार झाला, असा निष्कर्ष काढता येत नाही.

त्याचा पुरावा लगेचच मिळाला. मे १९८८ मध्ये स्थानिक शासनविषयक कायद्यात कलम २८ अमलात आले. स्थानिक संस्थांनी समलिंगी संबंधांचा पुरस्कार करू नये, तसेच त्यांच्या शाळांतून अशा संबंधांना कुटुंब म्हणून मान्यता असल्याचे शिकविले जाऊ नये, असे ते कलम सांगत होते. स्कॉटलंडमध्ये ते २००० मध्ये आणि इंग्लंड व वेल्समध्ये २००३ मध्ये रद्द झाले. म्हणजे दीड दशकभर वर्गातील शिक्षक या विषयावर तोंड उघडण्यास कचरत होते, आणि रेडिओवर मात्र गाणी वाजत होती. शाळेने सोडलेली जागा गाण्याने भरून काढली असे म्हणणे आकर्षक वाटते. परंतु गाणे शिक्षकाचे काम करू शकत नाही. मारहाण झालेल्या मुलाच्या पाठीशी ते उभे राहत नाही.

५.३.५ शोकगीत : 'बीइंग बोअरिंग'

१९८२ मध्ये लंडनमध्ये टेरेन्स हिगिन्स यांचे एड्सने निधन झाले. ब्रिटनमधील या रोगाच्या आरंभीच्या बळींपैकी ते एक होत, आणि त्यांच्या नावाने मित्रांनी काढलेली संस्था आजही कार्यरत आहे. पुढील दहा वर्षांत तरुण माणसे मोठ्या संख्येने गेली. मृत्यूसोबत लाजही आली. अनेक घरांनी खरे कारण सांगितले नाही. अंत्यविधीच्या वेळी ज्याने शुश्रूषा केली त्या जोडीदाराला मागच्या रांगेत बसावे लागे.

अशा काळात जुन्या गाण्यांचेही अर्थ बदलले. सॉमरव्हिलने पुढे रिचर्ड कोल्स यांच्यासह कम्युनार्ड्स हा वाद्यवृंद काढला आणि १९८६ मध्ये त्यांचे 'डोंट लीव्ह मी धिस वे' हे गीत पहिल्या क्रमांकावर आले. मुळात ते १९७० च्या दशकातील अमेरिकन कृष्णवर्णीय गायकांचे प्रेमगीत. 'असा मला सोडून जाऊ नकोस' ही शीर्षकातील विनवणी रुसलेल्या प्रियकराला केलेली होती. १९८६ च्या लंडनमधील नृत्यगृहात तीच विनवणी रुग्णालयातील खाटेपर्यंत पोहोचत होती. शब्द एकही बदललेला नाही. संदर्भाने अर्थ पालटला. दोन वर्षांनी याच वाद्यवृंदाने 'फॉर अ फ्रेंड' हे गीत काढले. खाणकामगारांसाठी धडपडणारा कार्यकर्ता मार्क ॲश्टन १९८७ मध्ये वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी एड्सने गेला, त्याच्यासाठी ते होते.

परंतु या काळातील शोकगीतांत आमच्या मते पेट शॉप बॉइजच्या 'बीइंग बोअरिंग' या १९९० च्या गीताला तोड नाही. गीतकार-गायक नील टेनंट हे आधी एका लोकप्रिय संगीत नियतकालिकात पत्रकार होते, आणि त्यांच्या लेखनातील अलिप्त, कोरडा सूर कदाचित तेथूनच आला असावा. गीताची तीन कडवी म्हणजे तीन काळ. पहिल्यात जुनी छायाचित्रे आणि किशोरवयातील समारंभांची निमंत्रणे सापडतात. दुसऱ्यात १९७० च्या दशकातला तरुण पाठीवर पिशवी टाकून स्थानकावरून निघतो, थोडा घाबरलेला, थोडा उत्सुक. तिसऱ्यात तो नव्वदच्या दशकात उभा आहे. त्याला जे व्हावयाचे होते ते तो झाला आहे, आणि ज्यांच्यासोबत हे सारे पाहावयाचे होते त्यांतील काही जण नाहीत. टेनंट यांच्या बालपणीच्या मित्राचे एड्सने झालेले निधन हे या कडव्यामागील कारण, असे त्यांनी सांगितले आहे. गीतात रोगाचे नाव नाही. 'मृत्यू' हा शब्दही नाही. रिकाम्या खुर्चीकडे बोट न दाखविता खोलीचे वर्णन करावे, तसे हे कडवे आहे.

दोन्ही गीतांत स्थानक आहे, हे आपल्या लक्षात आले असेल. 'स्मॉलटाउन बॉय' मधील मुलगा फलाटावर एकटा उभा आहे आणि त्याच्यापुढे काय आहे ते गीत सांगत नाही. 'बीइंग बोअरिंग' मधील तरुण त्याच फलाटावरून निघून शहरात पोहोचला. तेथे त्याला मित्र मिळाले, वेष मिळाले, हसणे मिळाले, आणि मग ते मित्र गेले. ही दोन गीते लागोपाठ ऐकली असता एकाच आयुष्याचे दोन भाग ऐकल्यासारखे वाटते. हे गीत यादीत केवळ विसाव्या क्रमांकापर्यंत गेले. लोकप्रियतेच्या यादीवरून गीताचे मोल ठरवू पाहणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

टेनंट यांनी स्वतःच्या समलिंगी असण्याविषयी जाहीरपणे सांगितले ते १९९४ मध्ये. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये समलिंगी पुरुषांसाठी संमतीचे वय २१ वरून १८ वर आले. (१६ ची समानता २००१ मध्ये आली.) त्यापूर्वीच्या त्यांच्या गीतांत, उदाहरणार्थ कॅथलिक शाळेतील संस्कारांवर आधारलेल्या 'इट्स अ सिन' या १९८७ च्या गीतात, पाप कोणते ते सांगितलेले नाही. असे न सांगणे ही भीती होती की कला? दोन्ही असू शकते. लेखकाच्या भीतीतून जन्मलेली युक्ती वाचकाच्या दृष्टीने सौंदर्य ठरल्याची उदाहरणे साहित्याच्या इतिहासात भरपूर आहेत.

५.३.६ पाचगणीचा एक विद्यार्थी

या कालखंडातील सर्वांत प्रसिद्ध ब्रिटिश गायकांपैकी एकाचे शालेय शिक्षण सातारा जिल्ह्यात झाले, ही गोष्ट आपल्याला माहीत असेल वा नसेल. फारुख बलसारा हा पारशी मुलगा १९४६ मध्ये झांझिबार येथे जन्मला आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहून शिकला. तेथेच तो पियानो शिकला आणि मित्रांसह त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा शाळकरी वाद्यवृंद काढला. १९६४ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेले, आणि पुढे क्वीन या वाद्यवृंदाचा फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाने त्याला ओळखले.

मर्क्युरी यांनी आपल्या खाजगी जीवनाविषयी कधी निवेदन दिले नाही. रंगमंचावर त्यांनी काहीही लपविले नाही आणि मुलाखतीत फारसे काही सांगितले नाही, असे म्हणता येईल. अखेरच्या वर्षांत वृत्तपत्रांची छायाचित्रे काढणारी माणसे त्यांच्या दाराशी बसून असत. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी आपणांस एड्स असल्याचे त्यांनी जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. या मौनाबद्दल त्यांना दोष देणारे तेव्हाही होते, आजही आहेत. टॉम रॉबिन्सन यांच्यासारख्यांनी किंमत मोजून उघडपणे बोलणे पत्करले, हे खरेच. तथापि, पारशी कुटुंबातील वृद्ध आईवडील हयात असताना, वसाहतीतून येऊन परक्या देशात नाव बदलून उभे राहिलेल्या माणसाने किती सांगावे, हे आपण बाहेरून ठरवू नये असे वाटते. त्यांच्या गीतांतील एकाकीपणाचा मात्र अभ्यास करावा. तो सर्वांसाठी खुला आहे. केवळ गीतावरून गायकाचे चरित्र सिद्ध करू पाहण्याचा मोह टाळावा, ही पथ्याची गोष्ट संतकाव्याच्या अभ्यासात आपण पाळतो, तशीच येथेही पाळावी.

५.३.७ मराठीत आणताना : 'मी' चे लिंग

आतापर्यंत उल्लेखिलेली गीते इंग्रजीत आहेत, आणि इंग्रजी क्रियापद 'मी' किंवा 'तू' चे लिंग सांगत नाही. पुरुष गायकाने 'तू' म्हटले, तर तो 'तू' स्त्री की पुरुष, हे कळण्याचा व्याकरणात मार्ग नाही. ब्रिटिश पॉप संगीतातील समलिंगी गीतकारांना या सोयीचा आधार मोठ्या प्रमाणावर मिळाला. 'तो' किंवा 'ती' हे तृतीय पुरुषी सर्वनाम टाळले की काम भागते.

मराठीत असे सहज होत नाही. 'मी घर सोडून गेलो' की 'गेले', 'तू आलास' की 'आलीस' : पहिल्याच ओळीत क्रियापद गुपित फोडते. म्हणून असे गीत मराठीत आणणाऱ्याला दोनच वाटा उरतात असे प्रथमदर्शनी वाटेल. उघड सांगणे किंवा लिंग बदलून टाकणे. दुसरी वाट फार सोपी आहे, आणि तिने गीत मरते.

तथापि, भाषा वाटते तितकी अडवणूक करीत नाही. 'मी तुला पाहिले' या वाक्यात बोलणाऱ्याचेही लिंग कळत नाही आणि ज्याला पाहिले त्याचेही नाही. 'तू मला हाक मारलीस' यातील क्रियापद हाकेच्या लिंगाने चालते, हाक मारणाऱ्याच्या नव्हे. 'मी येईन', 'तू जा', 'तुम्ही आलात' ही रूपेही मौन राखतात. म्हणजे भावे व कर्मणी प्रयोग, भविष्यकाळ, आज्ञार्थ आणि आदरार्थी बहुवचन यांच्या आश्रयाने मराठीतही संदिग्ध प्रेमगीत रचता येते. प्रयोगांचा अभ्यास केवळ परीक्षेपुरता नसतो, हे यावरून पटावे.

येथे कोणी म्हणेल की, ज्ञानदेवांच्या विरहिण्यांत आणि संतांच्या गौळणींत पुरुष कवी स्त्रीच्या तोंडून प्रियकराला आळवितात, तेव्हा आपल्याकडे हे सारे आधीच होते. सावध राहावे. तेथे स्त्रीरूप हे भक्ताचे रूपक आहे आणि प्रियकर परमात्मा आहे. त्यावरून कवीच्या खाजगी जीवनाविषयी काही सिद्ध होत नाही. एवढे मात्र निश्चित की, बोलणारा कवी आणि गीतातील 'मी' यांचे लिंग वेगळे असू शकते, हे मराठी श्रोत्याच्या कानाला सातशे वर्षांपासून अंगवळणी पडलेले आहे. पंढरीच्या वाटेवर पुरुष वारकरी गौळण म्हणतो, तेव्हा कोणी दचकत नाही.

आपली प्रगती तपासा – २
पुढील वाक्यांपैकी कोणत्या वाक्यांतून बोलणाऱ्याचे वा ज्याच्याशी बोलणे चालू आहे त्याचे लिंग कळते, ते प्रयोगाच्या आधारे स्पष्ट करा : 'मी तुझी वाट पाहिली.' 'तू उशिरा पोहोचलास.' 'आपण दोघांनी ते गाणे ऐकले.' 'मी काही बोलू शकले नाही.'

५.४ उपक्रम

आपल्या आवडीचे एखादे मराठी भावगीत वा चित्रपटगीत निवडा. त्यातील लिंगदर्शक क्रियापदांखाली रेषा मारा. नंतर ते गीत आपल्या घरातील, वर्गातील वा कामाच्या ठिकाणच्या अशा व्यक्तीच्या कानांनी ऐकण्याचा प्रयत्न करा की, जिला आपले प्रेम कोणापाशीही बोलता येत नाही. (कोणाचेही नाव लिहू नये, तसेच कोणालाही त्याविषयी विचारण्यास जाऊ नये.) त्या व्यक्तीला गीतातील कोणती जागा आपली वाटेल आणि कोणत्या क्रियापदापाशी गीताचे दार तिच्यासाठी बंद होईल, याविषयी सुमारे ३०० शब्दांत लिहा. हे लेखन संपर्कसत्रात वाचून दाखविण्याची सक्ती नाही. केवळ समंत्रकाकडे दिले तरी चालेल.